को-की... को-की... को-की

बेडकावर एवढं लांबलचक कोणी लिहितं का, असं तुमच्यापैकी बरेच जण म्हणतील. घरच्या मंडळींनी तर आधीच म्हणून झालंय. पण गेले काही महिने हा एक बेडूक माझ्या डोक्यातून जात नाहीये. जेमतेम दीड-दोन इंचांचा, तपकिरी, दिसायला अगदीच सामान्य. नाव कोकी. एका बेटावरच्या लोकांना याच्या आवाजाशिवाय झोप लागत नाही, आणि दुसऱ्या बेटावरच्या लोकांना याच्या आवाजामुळे झोप लागत नाही. बेडूक तोच, आवाज तोच. दोन बेटांमध्ये अंतर नऊ हजार किलोमीटरहून जास्त. मग मधे घडलं काय, हे शोधत गेलो आणि हाती लागला तो चक्क सव्वाशे वर्षांचा इतिहास.

पहिलं बेट कॅरिबियन समुद्रातलं प्वेर्तो रिको. दुसरं पॅसिफिक महासागरातलं हवाई (म्हणजे हवाईच्या बेटांपैकी सगळ्यात मोठं, ज्याला तिथे नुसतं 'बिग आयलंड' म्हणतात ते). या दोघांचा तसा काडीचाही संबंध नव्हता. संबंध आला १८९८ साली. त्या वर्षी अमेरिकेने स्पेनशी युद्ध करून प्वेर्तो रिको घेतलं आणि त्याच वर्षी हवाईही आपल्या देशाला जोडून टाकलं. वर्षभरात, म्हणजे ऑगस्ट १८९९ मध्ये, प्वेर्तो रिकोवर 'सान सिरियाको' नावाचं भयंकर चक्रीवादळ आलं. कॉफीचे मळे झोपले, हजारो माणसं गेली, उरलेल्यांच्या हाताला काम राहिलं नाही. तिकडे हवाईतल्या ऊसमळ्यांच्या मालकांना मजूर हवेच होते. मग काय, दलाल पोचले. डिसेंबर १९०० मध्ये प्वेर्तो रिकोच्या मजुरांची पहिली छोटी तुकडी होनोलुलूच्या धक्क्यावर उतरली. आधी बोट, मग आगगाडीने अख्खी अमेरिका ओलांडायची, मग पुन्हा बोट, असा प्रवास. पुढच्या वर्षभरात साधारण पाच हजार माणसं अशी आली. त्यांची नातवंडं-पतवंडं आजही हवाईत आहेत.

त्या माणसांनी बरोबर काय काय आणलं असेल? स्वयंपाक आणला, गाणी आणली. बेडूक मात्र आणला नाही. तो आला त्यानंतर तब्बल ऐंशी-नव्वद वर्षांनी. तोवर तो त्यांच्या आठवणीतच असणार.

कारण प्वेर्तो रिकोच्या माणसाला कोकी म्हणजे काय, हे आपल्याला सांगून पटायचं नाही. संध्याकाळ झाली की तो सुरू होतो आणि रात्रभर चालतो. नाव आवाजावरूनच पडलंय, आपल्या कावळ्या-चिमण्यांच्या कावकाव-चिवचिवसारखं. तिथले मूळ रहिवासी ताइनो लोक, त्यांनी दगडांवर बेडकासारख्या आकृत्या कोरून ठेवल्यात. आज टी-शर्टपासून दुकानांच्या पाट्यांपर्यंत सगळीकडे ते चित्र दिसतं. 'मी अस्सल इथलाच' हे सांगायचं तर तिथला माणूस 'कोकीसारखा इथला' असं म्हणतो. आणि एक समजूत अशी की कोकी आपलं बेट सोडून दुसरीकडे नेला तर गात नाही, झुरून मरतो. किती छान समजूत आहे ना? आपलं माणूस परदेशात सुखी नाहीये, असं ऐकलं की आपल्यालाही आतून थोडं बरं वाटतंच की!

गंमत म्हणजे इतक्या जुन्या ओळखीच्या या बेडकाचं शास्त्रीय वर्णन आणि नामकरण व्हायला १९६६ साल उजाडलं. ते केलं रिचर्ड थॉमस यांनी. मग १९७६ मध्ये पीटर नारिन्स आणि रॉबर्ट कॅप्रानिका या दोघांनी त्याच्या आवाजाचा उलगडा केला. गातो फक्त नर. त्यातला 'को' हा इतर नरांसाठी, म्हणजे 'ही जागा माझी, लांब राहा'. आणि 'की' हा मादीसाठी, म्हणजे 'तू मात्र ये'. नराचे कान 'को'ला जास्त तयार, मादीचे 'की'ला. एकाच हाकेत धमकी आणि आमंत्रण! रात्रभर न थकता. आपल्याकडे ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात बेडकांवर अख्खं सूक्त आहे, पाऊस लांबला की गावोगाव धोंडी निघते आणि काही ठिकाणी त्यात बेडूकही लागतो. त्यामुळे बेडकाच्या आवाजाचं कौतुक आपल्याला नवं नाही. आपण पहिल्या पावसात ती डरावडराव ऐकली की खिडकी उघडतो.

आता दुसऱ्या बेटाकडे वळू. हवाईत मुळात एकही बेडूक नव्हता. भर समुद्रात वर आलेली ज्वालामुखीची बेटं ती, जवळची जमीन हजारो किलोमीटर लांब. बेडकाच्या कातडीला खारं पाणी सोसत नाही, त्यामुळे तो पोहत येणं शक्यच नव्हतं. जे काही आलं ते माणसाने आणलं. आणि माणसाने आणलं तरी किती! १८६५ साली शेतातल्या अळ्या खायला भारतातून साळुंक्या नेल्या. १८७२ मध्ये जमैकाच्या एका ऊसमळेवाल्याने उंदीर मारायला कलकत्त्याहून नऊ मुंगसं मागवली. त्यांचीच पिलावळ १८८३ मध्ये जमैकाहून हवाईच्या ऊसमळ्यांत पोचली. उंदीर रात्रीचा, मुंगूस दिवसाचा. दोघांची गाठ पडणार कशी? मुंगसांनी पक्ष्यांची अंडी खाल्ली. मग १९३२ मध्ये उसाचे किडे खायला मोठे विषारी भेक आणले, तेही कुठून, तर प्वेर्तो रिकोहून! हवाईतून तेच भेक १९३५ मध्ये ऑस्ट्रेलियाला गेले आणि तिथे त्यांनी जो उच्छाद मांडलाय तो अजून थांबलेला नाही.

हे एवढ्यासाठी सांगितलं की कोकीला जेव्हा 'आक्रमक परका' म्हणतात, तेव्हा ही सगळी रांग डोळ्यासमोर असावी. आधीचे सगळे पाहुणे माणसाने आमंत्रण देऊन आणले होते. कोकीला कोणी बोलावलं नव्हतं. तो शोभेच्या कुंडीत बसून आला.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस तो हवाईत पोचला असावा असं मानतात. झाडांच्या व्यापारातून आलेल्या रोपांबरोबर आला आणि मग नर्सरीतून घरोघरी गेला. इथे या बेडकाचं एक वैशिष्ट्य सांगायला हवं. बेडूक म्हटला की आपल्याला डबकं आठवतं, शेपटीवाली पिल्लं आठवतात. कोकीला डबकं लागतच नाही. मादी ओल्या पानांच्या बेचक्यात, गुंडाळलेल्या सुक्या पानात पंचवीस-तीस अंडी घालते आणि निघून जाते. अंडी सांभाळतो बाप. तो त्यांच्यावर बसून राहतो, ती सुकू देत नाही. तीनेक आठवड्यांत अंड्यातून थेट नखाएवढे छोटे बेडूक बाहेर येतात. (आपल्या सह्याद्रीतही, आंबोलीसारख्या ठिकाणी, असे डबक्याशिवाय वाढणारे छोटे झुडपी बेडूक आहेत. पुढच्या पावसाळ्यात गेलात तर रात्री झुडपांतली टिकटिक जरूर ऐका.) म्हणजे विचार करा, एका कुंडीत पानांआड अंड्यांचा एक पुंजका असला, तर ती कुंडी विकत घेणारा माणूस हौसेने अख्खी वसाहत घरी घेऊन जातो. पानांखालची अंडी पाहतंय कोण?

प्वेर्तो रिकोत कोकीला खाणारे भरपूर आहेत. साप, घुबडं, मोठे कोळी. हवाईच्या रानात यातलं फारसं काही नाही. उंदरा-मुंगसांनी त्यांना आवर घातला असता तर बरं झालं असतं, पण तसं काही झालं नाही. पाऊस मुबलक, थंडी नाही, किडे हवे तितके. प्वेर्तो रिकोत दाट वस्ती म्हणजे हेक्टरी वीस हजारांच्या आसपास. हवाईत काही ठिकाणी हीच संख्या हेक्टरी नव्वद हजारांपर्यंत मोजली गेली. आवाज किती, तर एक नर अर्ध्या मीटरवरून सुमारे ९० डेसिबल. मिक्सर चालू असावा तसा. असे हजारो मिक्सर, संध्याकाळी सातपासून पहाटेपर्यंत. आणि हवाईतली घरं उघडी, जाळीच्या खिडक्यांची, वाऱ्यासाठी बांधलेली. खिडकी लावून घ्यावी तर जीव गुदमरतो.

माझी एक मावसबहीण हिलो गावाजवळ राहते. हिलो म्हणजे कोकणातलंच एखादं गाव म्हणा, बारा महिने पाऊस आणि हिरवंगार. आम्ही तिला ताई म्हणतो. (ताई, तू हे वाचणार आहेस, चुकलं तर सांग.) तिच्या परसात अळू आहे. हवाईचे मूळ लोक ज्याला 'कालो' म्हणतात आणि पूर्वज मानतात, ते आपलं अळूच. शिवाय कढीपत्ता, हळद, आणि आधीच्या घरमालकाने लावलेली ब्रोमेलियाडची रांग. ब्रोमेलियाडच्या पानांच्या मधोमध पेल्यासारखं पाणी साठतं. कोकीसाठी याहून चांगला फ्लॅट नाही! फोनवर बोलताना तिच्या मागे तो आवाज सतत चालू असतो. सुरुवातीला मला वाटायचं, लाइनच खराब आहे.

तर घरच्या घरी याचा बंदोबस्त कसा करतात, ते तिच्याकडूनच ऐकलेलं. पहिलं काम दिवसाचं. पालापाचोळा उचलायचा, झुडपं विरळ करायची, केळीची सुकी पानं काढायची, ब्रोमेलियाड उपटायचे. नवीन रोप आणलं तर थेट अंगणात न्यायचं नाही. ४५ अंश सेल्सिअसच्या गरम पाण्याने पाचेक मिनिटं न्हाऊ घालायचं. बहुतेक रोपं तेवढं सोसतात, बेडूक आणि अंडी सोसत नाहीत. दुसरं काम रात्रीचं. टॉर्च घेऊन दोघा-तिघांनी निघायचं आणि वेगवेगळ्या बाजूंनी एकाच आवाजाकडे बोट दाखवायचं. जिथे बोटं एकमेकांना छेदतात तिथे बेडूक. एकट्याने गेलं तर हमखास चकवा बसतो. जास्त असतील तर फवारणी. कशाची, तर आपल्या घरात असतं त्या लिंबूसत्त्वाची, म्हणजे सायट्रिक अ‍ॅसिडची. पाण्यात साधारण १६ टक्के. बेडकाची कातडी पातळ, ते तिच्यातून आत जातं. काही नाजूक झाडांची पानंही त्यात करपतात. रस्ता इथवर यायलाही वेळ लागला. २००१ मध्ये आधी कॅफीन वापरायला तात्पुरती परवानगी मिळाली होती. हो, कॉफीतलंच! पण ते माणसांना आणि पाण्याला कितपत सुरक्षित, या शंकेने मागे पडलं. मग चुन्याच्या फवारणीला मुभा मिळाली, तिची मुदत २००८ मध्ये संपली. लिंबूसत्त्व टिकलं.

हाताने पकडलेले बेडूक डब्यात घालून फ्रीझरमध्ये ठेवतात. ताईने हे सांगितलं तेव्हा फोनवर दोन मिनिटं कोणीच बोललं नाही. आमच्या आजीने विंचूसुद्धा चिमट्याने उचलून बांधावर नेऊन सोडला होता. ताई म्हणाली, "सोडायचा कुठे? सोडला तर तिथे नवी वस्ती." कायद्यानेही तिथे कोकी जिवंत नेणं-आणणं गुन्हा आहे. आजीचा बांध तिथे नाही, हेच खरं दुखणं. अंड्यांवर बसलेला बाप पाहिला की हात थबकतो, असंही तिने सांगितलं. तरी ती उचलते. मला यावर मत द्यायचा अधिकार नाही, मी इथे पंख्याखाली झोपतो.

पण या सगळ्या वाचनात मला जी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटली ती पुढेच आहे. कोकी हवाईच्या चार बेटांवर पोचला, पण चारही बेटांची कथा सारखी नाही. ओआहूवर वाहिआवा भागात त्यांची वस्ती झाली होती. अनेक खात्यांनी आणि स्वयंसेवकांनी मिळून तिथले बेडूक संपवले. काउआई बेटावर लावाई नावाच्या एका भागात ते होते. तिथे दहाएक वर्षं चिकाटीने झुडपं साफ करणं, फवारणं, रात्री ऐकत बसणं असं चाललं आणि २०१२ मध्ये ती वस्ती संपल्याचं जाहीर झालं. माउईवर हाइकू भागातल्या घळीत ते पसरले, पण गावकऱ्यांना लिंबूसत्त्व आणि पंप देऊन गल्ली-गल्लीने लढाई चालू राहिली. आणि बिग आयलंड? तिथे सुरुवातीची वर्षं 'एवढासा बेडूक, त्याचं काय' यात गेली. कोणी म्हणालं कुंपणापलीकडचा आहे, कोणी म्हणालं नर्सरीने बघावं, नर्सरीवाले म्हणाले सरकारने बघावं. २००४ मध्ये तिथल्या महापौरांनी कोकीवरून चक्क आणीबाणी जाहीर केली. तोवर वस्त्या शेकड्यांनी झाल्या होत्या. आज त्या बेटावरून तो जाईल अशी आशा कोणी बाळगत नाही. आपल्या घरापुरतं, गल्लीपुरतं शांत ठेवायचं, एवढंच.

औषध सगळीकडे तेच होतं. टॉर्च तेच, लिंबूसत्त्व तेच. फरक पडला तो पहिला आवाज ऐकल्यावर कोणी काय केलं याने. एका बेडकाला पकडायला तीन माणसं आणि एक रात्र पुरते. दहा हजारांना सरकारही पुरत नाही. आणि शेजाऱ्याने हातभार लावला नाही तर तुमचं अंगण कितीही साफ करा, पुढच्या पावसात तो कुंपण ओलांडून परत. ताईच्या गल्लीत म्हणून महिन्यातून एक रात्र सगळे मिळून निघतात. आधी एकमेकांचं तोंडही न पाहणारी माणसं होती, असं ती सांगते. आता थर्मासमध्ये कॉफी घेऊन येतात. (कॅफीन शेवटी कामाला आलं म्हणायचं!)

याला दुसरी बाजूही आहे, ती न सांगणं बरोबर नाही. पुना भागात काही लोक कोकीच्या बाजूने उभे राहिले. त्यांचं म्हणणं, आपणही बाहेरूनच आलो, साळुंकीही बाहेरची, मग हा एकटाच गुन्हेगार कसा? हा किडे खातो, गातो, कोणाला चावत नाही. यात तथ्य आहे. घरांच्या किमतींचा अभ्यास झाला त्यातही घट दिसली ती किंचितच. पण हवाईतले कित्येक किडे जगात दुसरीकडे कुठेच नाहीत, आणि हेक्टरी हजारो तोंडं रात्रभर त्यांच्यावर सुटली की हिशेब कोण देणार? मला दोन्ही बाजूंचं ऐकताना असं वाटत राहिलं की भांडण बेडकाशी नाहीच. घर कोणाचं आणि ते ठरवतं कोण, याचं ते भांडण आहे.

तिकडे प्वेर्तो रिकोत काय चाललंय? साधा कोकी भरपूर आहे, पण त्याची काही भावंडं गेली. सोनेरी कोकी, जो अंडी न घालता थेट पिल्लं द्यायचा, तो १९८१ नंतर कोणाला दिसलेला नाही. आणि नारिन्स यांनी २३ वर्षांनी त्याच डोंगररस्त्यावर पुन्हा आवाज मोजले, तेव्हा दिसलं की हवा तापली तशी कोकीची हाक थोडी आखूड आणि थोडी चढ्या पट्टीची झालीय. २०१४ मध्ये हे प्रसिद्ध झालं. ज्या गाण्यावर लोक झोपतात ते त्यांच्या नकळत बदलतंय.

आणि आपण हे सगळं लांबून, गंमत म्हणून वाचू नये. आपला पावसाळी मोठा बेडूक, जो पहिल्या पावसात पिवळाधमक होऊन डबक्यात बसतो, तोच अंदमानात आज आक्रमक परका आहे. गेल्या काही वर्षांत तिथे पसरला, बहुधा मत्स्यबीजाच्या पिशव्यांतून. तिथल्या तळ्यांतले मासे खातो, कोंबडीची पिल्लंसुद्धा उचलतो. आपण ज्याला पावसाचा दूत म्हणतो, त्याला अंदमानातला शेतकरी काय म्हणत असेल?

तेव्हा नर्सरीतून कुंडी आणाल तेव्हा पानं जरा उलटून बघा. आणि रात्री अंगणात कधी न ऐकलेला आवाज आला तर शेजाऱ्याला हाक मारा, दुसऱ्या दिवशीची वाट बघू नका.

असो. ताईचा मागच्या रविवारी फोन आला होता. त्या रात्री त्यांच्या गल्लीत अकरा सापडले. गेल्या वर्षी याच सुमाराला चाळीस होते.